मूत्रपिंड प्रत्यारोपण : विज्ञान, कायदा आणि रायपूरचा अनुभव

१५ मार्च २०२५ रोजी छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, दोन पुरुष रुग्णांवर मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या. दोघेही सुमारे तीन वर्षे डायलिसिसवर होते. दोघांच्याही पत्नी आपले एक मूत्रपिंड देण्यास तयार होत्या. परंतु वैद्यकीय दृष्ट्या आपल्याच पतीला ते देणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा पहिल्या रुग्णाच्या पत्नीचे मूत्रपिंड दुसऱ्या रुग्णाला आणि दुसऱ्या रुग्णाच्या पत्नीचे पहिल्याला देण्यात आले. अशा अदलाबदलीच्या प्रत्यारोपणास 'स्वॅप' प्रत्यारोपण म्हणतात. देशातील नव्या एम्स संस्थांमध्ये, तसेच छत्तीसगडमधील शासकीय रुग्णालयांमध्ये, असे प्रत्यारोपण प्रथम रायपूर येथेच झाले.

या एका घटनेत शरीरशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, संसदेचा कायदा, केंद्र-राज्य संबंध, आरोग्यसेवेतील प्रादेशिक समतोल आणि कुटुंबातील स्त्रीचे स्थान असे अनेक विषय एकत्र आलेले आहेत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात हे विषय वेगवेगळ्या पत्रिकांत विखुरलेले असतात. प्रस्तुत लेखात ते एका सूत्रात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

मानवी शरीरात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या बियांच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रौढ व्यक्तीच्या एका मूत्रपिंडाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १५० ग्रॅम असते. प्रत्येकात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून त्यांना नेफ्रॉन म्हणतात. या गाळण्यांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतांश पाणी व उपयुक्त द्रव्ये रक्तात परत शोषली जातात आणि केवळ दीड लिटरच्या आसपास मूत्र शरीराबाहेर टाकले जाते.

तथापि, मूत्रपिंडाचे कार्य गाळणीपुरते मर्यादित नाही. रक्तातील सोडियम, पोटॅशियम व आम्लता यांचे संतुलन राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवणे आणि ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देणे ही कामेही हाच अवयव करतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास रक्तक्षय का होतो आणि त्याची हाडे ठिसूळ का होतात, याचे उत्तर या कार्यांत आहे.

निकामी होण्याच्या पायऱ्या

मूत्रपिंडाची कार्यक्षमता मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळला जातो यावरून मोजतात. रक्तातील क्रिॲटिनिन, वय आणि लिंग यांवरून हा गाळणदर काढला जातो. ९० किंवा त्याहून अधिक दर सर्वसाधारण मानतात. ६० ते ८९ ही सौम्य घट, ३० ते ५९ ही मध्यम घट, १५ ते २९ ही तीव्र घट आणि १५ पेक्षा कमी ही अंतिम अवस्था होय. या अवस्थेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांवाचून रुग्ण दीर्घकाळ जगू शकत नाही.

या आजाराचा धोका त्याच्या मौनात आहे. निम्म्याहून अधिक कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत रुग्णाला विशेष त्रास जाणवत नाही. पायांवर सूज, भूक मंदावणे, मळमळ, थकवा ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे आहेत. मूत्रमार्गातील खडे व अडथळे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, आनुवंशिक दोष आणि वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतलेली वेदनाशामक औषधे ही अन्य कारणे होत.

छत्तीसगडच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. गरियाबंद जिल्ह्याच्या देवभोग तालुक्यातील सुपेबेडा या छोट्या गावात २००५ नंतरच्या काळात मूत्रपिंडाच्या विकाराने अनेक मृत्यू झाले. पाणी व मातीच्या तपासण्यांतून फ्लोराइड आणि जड धातूंकडे संशयाची सुई वळली. परंतु या आजाराचे एकच एक कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम परिसर, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि मध्य अमेरिकेतील काही शेतीप्रधान भाग येथेही मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या कष्टकऱ्यांमध्ये असाच आजार आढळतो. त्यास 'अज्ञात कारणाचा दीर्घकालीन मूत्रपिंड विकार' म्हटले जाते. अशा गावातील शेतमजुराला तज्ज्ञ डॉक्टर आणि यंत्र किती अंतरावर उपलब्ध आहे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

डायलिसिस : आधार, पण पर्याय अपुरा

डायलिसिसचे दोन प्रकार आहेत. हिमोडायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त यंत्रातील कृत्रिम पटलातून फिरवून शुद्ध केले जाते. त्यासाठी साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास रुग्णालयात जावे लागते. उदरपोकळीतील पटलाचा गाळणीसारखा उपयोग करून घरीच करता येते ते पेरिटोनियल डायलिसिस होय. पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड विलेम कोल्फ या डच वैद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये तयार केले.

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा करताना, देशात दरवर्षी अंतिम अवस्थेतील सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे डायलिसिसची मागणी ३.४ कोटी सत्रांनी वाढते, असे सांगण्यात आले होते. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. आठवड्याला ३ याप्रमाणे ५२ आठवड्यांत एका रुग्णाला १५६ सत्रे लागतात, त्यास २.२ लाखांनी गुणल्यास सुमारे ३.४ कोटी हीच संख्या येते. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत ही सेवा दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना विनामूल्य देण्याची योजना आखण्यात आली आणि पुढे २०१९ मध्ये पेरिटोनियल डायलिसिसचाही तीत समावेश करण्यात आला.

सेवा विनामूल्य असली तरी रुग्णाचा आणि सोबत येणाऱ्याचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि आहारावरील निर्बंध यांचा भार उरतोच. शिवाय, यंत्र आठवड्यातील बारा तास काम करते. निरोगी मूत्रपिंड १६८ तास करते. संप्रेरकांची निर्मिती तर यंत्र करूच शकत नाही. म्हणूनच, योग्य रुग्णाच्या बाबतीत प्रत्यारोपणाने आयुर्मान व जीवनमान दोन्ही सुधारतात, आणि काही वर्षांचा एकत्रित हिशेब केल्यास खर्चही कमी पडतो.

प्रत्यारोपणाचा इतिहास

माणसात मूत्रपिंड बसविण्याचा पहिला प्रयत्न १९३३ मध्ये युक्रेनमधील शल्यविशारद युरी व्होरोनॉय यांनी केला. तो यशस्वी झाला नाही. पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे जोसेफ मरे यांच्या चमूने केले. दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ असल्याने शरीराने परका अवयव नाकारण्याचा प्रश्न उद्भवला नाही. या कार्यासाठी मरे यांना १९९० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६० च्या दशकात ॲझाथायोप्रिन आणि १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वापरात आल्यावरच जुळ्या भावंडांपलीकडे प्रत्यारोपणाचा विस्तार होऊ शकला.

भारतात पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला. पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले.

अवयव जुळणे म्हणजे काय?

दात्याची निवड करताना प्रामुख्याने तीन कसोट्या लावल्या जातात. पहिली कसोटी रक्तगटाची. ओ गटाचा दाता कोणत्याही गटाच्या रुग्णास मूत्रपिंड देऊ शकतो, तर एबी गटाचा रुग्ण कोणत्याही गटाकडून ते घेऊ शकतो. ओ गटाच्या रुग्णाला मात्र केवळ ओ गटाचेच मूत्रपिंड चालते. त्यामुळे त्याची प्रतीक्षा सहसा लांबते. दुसरी कसोटी पेशींवरील ओळखचिन्हांची, म्हणजे एचएलए प्रतिजनांची. ही चिन्हे आईकडून व वडिलांकडून निम्मी निम्मी येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धी जुळण्याची ५० टक्के आणि मुळीच न जुळण्याची २५ टक्के असते. तिसरी कसोटी क्रॉसमॅचची. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार झालेली आहेत काय, हे तीत तपासतात. पूर्वी रक्त घेतलेल्या रुग्णांत आणि गर्भारपण अनुभवलेल्या स्त्रियांत अशी प्रतिपिंडे असण्याचा संभव अधिक असतो.

शस्त्रक्रियेत रुग्णाची जुनी मूत्रपिंडे सामान्यतः काढली जात नाहीत. नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस बसवून तेथील रक्तवाहिन्यांना जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. त्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड यांसारखी औषधे घ्यावी लागतात. ती मूत्रपिंड कार्यरत असेपर्यंत थांबविता येत नाहीत. प्रत्यारोपण म्हणजे आजारातून कायमची मुक्तता नव्हे. ती आयुष्यभराची शिस्त आहे. दाता मात्र योग्य तपासणीनंतर एका मूत्रपिंडावर सर्वसामान्य जीवन जगू शकतो. वर्षातून एकदा रक्तदाब व मूत्राची तपासणी करून घेणे त्याच्या हिताचे असते.

आता स्वॅपची कल्पना सहज समजेल. समजा, पहिल्या जोडीत पती अ गटाचा व पत्नी ब गटाची आहे. दुसऱ्या जोडीत पती ब गटाचा व पत्नी अ गटाची आहे. दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे असहाय आहेत. पण एकत्र आल्या की दोन्ही रुग्णांना मूत्रपिंड मिळते. रक्तगट जुळूनही प्रतिपिंडांमुळे अडलेल्या जोड्यांनाही हा मार्ग उपयोगी पडतो. अशा शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात, जेणेकरून एका कुटुंबाला अवयव मिळाल्यावर दुसऱ्या बाजूने माघार घेतली जाण्याचा प्रसंग येऊ नये.

कायद्याची चौकट

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. मग संसदेने अवयव प्रत्यारोपणाचा कायदा कसा केला? उत्तर संविधानाच्या अनुच्छेद २५२ मध्ये आहे. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केल्यास संसद राज्यसूचीतील विषयावर कायदा करू शकते. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या ठरावांवरून मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. इतर राज्यांनी तो पुढे स्वीकारला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला. ही दुरुस्ती १० जानेवारी २०१४ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी नवे नियमही आले.

या कायद्यातील चार तरतुदी लक्षात ठेवाव्यात. पहिली, पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी व भाऊ-बहीण हे निकटचे नातेवाईक मानले जातात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांची त्यात भर पडली. अन्य व्यक्तीला केवळ आपुलकी किंवा जिव्हाळ्यापोटी अवयव देता येतो आणि त्यासाठी प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी लागते. दुसरी, निकटच्या नातेवाइकाचा अवयव जुळत नसल्यास तशाच दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करण्यास २०११ च्या दुरुस्तीने मान्यता दिली. रायपूरच्या शस्त्रक्रियांना आधार मिळाला तो याच तरतुदीचा. तिसरी, मस्तिष्क-स्तंभाचा मृत्यू हा कायद्याने मृत्यू मानला जातो. चार वैद्यकीय तज्ज्ञांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावयाचा असतो. चौथी, अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्यासाठी पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

मस्तिष्क-स्तंभ मृत्यू आणि दीर्घ बेशुद्धी यांत विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये. बेशुद्ध रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो आणि शुद्धीवर येण्याची शक्यता उरलेली असते. मस्तिष्क-स्तंभ मृत झाल्यावर श्वास केवळ यंत्राने चालतो. हृदय काही काळ धडधडत राहते, पण परतीची वाट नसते. याच थोड्या काळात नातेवाइकांनी संमती दिली, तर एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना मिळू शकतात.

संस्थात्मक रचना

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, म्हणजे 'नोटो', नवी दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाच्या परिसरात आहे. तिच्याखाली पाच प्रादेशिक संघटना असून पश्चिम विभागाची संघटना मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि मध्य प्रदेशाबरोबर छत्तीसगडही याच विभागात येते. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. आज अवयवांच्या वाटपाच्या बाबतीत रायपूर मुंबईशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे प्रतीक्षायादीनुसार वाटपाचे काम पाहतात.

रायपूरचे महत्त्व

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा तेथे उच्चस्तरीय वैद्यकीय संस्थांची मोठी उणीव होती. २००३ मध्ये घोषित झालेल्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेचा हेतू अशीच प्रादेशिक विषमता दूर करण्याचा होता. तिच्या पहिल्या टप्प्यात भोपाळ, भुवनेश्वर, जोधपूर, पाटणा, रायपूर आणि ऋषिकेश या सहा ठिकाणी एम्स उभारण्यात आल्या व २०१२ मध्ये त्या सुरू झाल्या. मृत दात्याकडून अवयव मिळविण्याचा कार्यक्रमही नव्या एम्समध्ये रायपूरनेच प्रथम हाती घेतला. मार्च २०२५ पर्यंत तेथे ५४ मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली होती.

राष्ट्रीय गरजेच्या तुलनेत ही संख्या लहान आहे. तथापि, प्रत्यारोपण एकदा करून भागत नाही. पहिल्या वर्षी रुग्णाला वारंवार तपासणीसाठी यावे लागते. शस्त्रक्रिया दूरच्या महानगरात झाली, तर खोलीभाडे आणि प्रवास यांतच कुटुंबाची जमीन विकली जाते आणि पुढे औषधे बंद पडून मिळालेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. प्रत्यारोपण केंद्र आपल्या राज्यात असणे म्हणूनच मोलाचे आहे. आर्थिक साह्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. छत्तीसगडने २०२० मध्ये गंभीर आजारांसाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या विशेष साह्याची योजनाही सुरू केली.

दाता कोण? एक अस्वस्थ करणारा प्रश्न

भारतात २०१३ मध्ये सर्व अवयवांची मिळून ४,९९० प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ही संख्या १८,३७८ झाली आणि त्यांपैकी १३,४२६ मूत्रपिंडाची होती. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु दरवर्षीच्या २.२ लाख नव्या रुग्णांशी तुलना केली, तर शंभर रुग्णांमागे सुमारे सहा जणांनाच मूत्रपिंड मिळते असे दिसते. त्या वर्षी देशभरात मृत दाते केवळ १,०९९ होते, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी. स्पेनमध्ये हे प्रमाण ४५ हून अधिक आहे.

मृत दाते कमी असल्याने सगळा भार जिवंत दात्यांवर, म्हणजे कुटुंबावर पडतो. आणि कुटुंबात तो स्त्रीवर पडतो. २०१९ ते २०२३ या काळातील जिवंत दात्यांमध्ये शंभरात ६० हून अधिक स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांमध्ये मात्र पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे. रायपूरमध्येही घेणारे दोघे पती आणि देणाऱ्या दोघी पत्नी होत्या. त्यांच्या त्यागाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु आई, पत्नी, बहीण यांचे दान सहज गृहीत धरले जाते आणि घरातील स्त्री आजारी पडली की दाता मिळत नाही, ही स्थिती स्वेच्छेच्या तत्त्वाशी सुसंगत म्हणता येणार नाही. कायद्याने संमतीपूर्वी दात्याशी स्वतंत्रपणे बोलणे अपेक्षित धरले आहे, ते यासाठीच. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने प्रतीक्षायादीतील स्त्री रुग्णांना आणि पूर्वीच्या मृत दात्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्याविषयी राज्यांना सूचना केल्या, त्या याच पार्श्वभूमीवर पाहावयास हव्यात.

पुढील वाट

२०२३ मध्ये नोंदणीसाठी अधिवासाची अट आणि मृत दात्याच्या अवयवासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले. त्याच वर्षापासून भारतीय अवयवदान दिन ३ ऑगस्ट रोजी पाळला जातो. स्वॅपसाठी संपूर्ण देशाची एकसमान व्यवस्था उभारण्याच्या दिशेनेही पावले पडत आहेत. जोड्यांची यादी जितकी मोठी, तितकी जुळणी होण्याची शक्यता अधिक. म्हणून एका रुग्णालयापुरती यादी अपुरी ठरते.

परंतु सर्वात स्वस्त मूत्रपिंड ते, जे निकामीच होऊ दिले जात नाही. तिशीनंतर रक्तदाब व रक्तशर्करेची नियमित तपासणी, धोका असलेल्यांची मूत्रातील प्रथिने व क्रिॲटिनिन यांची चाचणी, सुपेबेडासारख्या गावांना शुद्ध पाणी आणि वेदनाशामकांचा जपून वापर, हे उपाय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातील आहेत. त्यानंतरही जे रुग्ण अंतिम अवस्थेत पोहोचतील, त्यांच्यासाठी मृत्यूनंतरच्या दानाची प्रथा समाजात रुजणे हाच न्याय्य मार्ग होय. ती रुजली, तर पतीचा जीव वाचविण्यासाठी पत्नीलाच शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागण्याचे प्रसंग कमी होतील.

स्वाध्याय

१. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असूनही मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेने कोणत्या घटनात्मक मार्गाने केला, ते स्पष्ट करा.
२. मस्तिष्क-स्तंभ मृत्यू आणि दीर्घ बेशुद्धी यांतील फरक सांगून पहिल्याच्या प्रमाणनाची पद्धत लिहा.
३. स्वॅप प्रत्यारोपणाचे तत्त्व उदाहरणासह मांडा आणि त्यासाठी राष्ट्रीय यादी का आवश्यक आहे, ते सांगा.
४. 'जिवंत दात्यांमधील स्त्रियांचे अधिक प्रमाण हा केवळ वैद्यकीय नव्हे, तर सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.' चर्चा करा.